आपलं गाव कोणतं? दोन मुलं, दसऱ्याची सुट्टी आणि यशवंतपूर

तुमच्या मुलांना कुणी विचारलं, “तुमचं गाव कोणतं?” तर ती काय उत्तर देतील? एकदा विचारून बघा. मी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच कुणीतरी विचारलं आणि उत्तर ऐकून मी जिन्यातच थांबले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक अज्जी राहतात. मुलांवर त्यांचा फार जीव. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या थोरलीला सहज विचारलं, “निन्न ऊरु यावुदु?” ऊरु म्हणजे गाव. साडेपाच वर्षांच्या माझ्या लेकीने क्षणभरही विचार न करता सांगितलं, “यशवंतपुर!” अज्जी हसल्या. अडीच वर्षांच्या धाकट्यानेही ताईची री ओढली, “पुल!”

मला मात्र ते लागलं. आमचं गाव सोलापूर. माझं माहेर तिथलं, सासर तिथलं, दोन्ही मुलांची बारशी तिथली. आणि ही म्हणते यशवंतपूर!

लागायचं अजून एक कारण होतं. गेल्या मे महिन्यात सोलापूरला गेलो असताना थोरली जेवताना म्हणाली, “आई, पाणी बेकु.” तिची मामेभावंडं खो खो हसली. मुलंच ती, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण त्यानंतर दोन दिवस माझी बडबडी लेक त्यांच्यासमोर तोंड उघडेना. पाणी हवं असलं की माझा पदर ओढायची आणि बोट दाखवायची.

ऑक्टोबरात इथल्या शाळांना दसऱ्याची सुट्टी लागली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आयांना ही गंमत ठाऊक असेल. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला आणि दिवाळीला मोजके दिवस. आपल्याकडे नेमकं उलटं. आमच्याकडे सुट्टी, तेव्हा सोलापूरच्या भावंडांची सहामाही परीक्षा. त्यांची सुट्टी सुरू होते तेव्हा आमच्या पाठीवर दप्तर. त्यात मला घरून करायच्या कामाची रजा मिळेना. मग ठरवलं, सुट्टी इथेच घालवायची. रोज सकाळी दोन-तीन तास, घरापासून जवळ, धाकट्याची झोपेची वेळ व्हायच्या आत परत. लेक ज्याला आपलं गाव म्हणते, ते निदान नीट बघू तरी!

फलाटावर एक तास

यशवंतपूरची मोठी ओळख म्हणजे रेल्वे जंक्शन. आमचा पहिला दिवस तिथेच गेला. फलाटाचं तिकीट काढायचं, सोबत घरचे चिवडा-लाडू आणि पाण्याची बाटली घ्यायची आणि बाकावर बसून गाड्या बघायच्या. लहान मुलांना याहून स्वस्त आणि मस्त करमणूक मला तरी माहीत नाही. धाकटा इंजिनाच्या भोंग्याला आधी घाबरून माझ्या खांद्यात तोंड लपवायचा. तिसऱ्या गाडीपर्यंत तो स्वतःच भोंगा वाजवू लागला आणि मग तो दिवसभर थांबला नाही.

थोरली सध्या अक्षरं ओळखायला शिकते आहे. शाळेत कन्नड आणि इंग्रजी, घरी माझ्याकडून मराठी. तिच्यासाठी स्टेशन म्हणजे उघडं पुस्तकच. फलाटावरच्या पाटीवर नाव तीन लिप्यांत. देवनागरीत ‘पु’ ऱ्हस्व, कारण ती हिंदी. आपण मराठीत दीर्घ लिहितो. मेट्रोच्या पाटीवरचं इंग्रजी स्पेलिंग रेल्वेच्या स्पेलिंगहून वेगळं. “मग बरोबर कोणतं?” तिने विचारलं. मी म्हटलं, “सगळीच. ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने लिहिलं.”

इथून पंढरपूरला जाणारी साप्ताहिक गाडी आहे. डब्यावरच्या पाटीवर तिने दोन ‘प’ शोधून काढले आणि मी तिला पूर्ण नाव वाचून दाखवलं. पंढरपूर आमच्याच सोलापूर जिल्ह्यातलं. “म्हणजे ही गाडी आजीकडे जाते?” “आजीच्या जवळपास,” मी म्हटलं. तिने डब्याला हात लावला आणि सांगितलं, “आजीला सांग, मी आले होते.” डब्याला सांगत होती.

एक स्टेशन पुढे, चंदनाचा वास

दुसरी सहल मेट्रोची, आणि तीही एकाच स्टेशनाची. नम्म मेट्रोच्या हिरव्या मार्गाचा हा भाग मार्च २०१४ मध्ये सुरू झाला. यशवंतपूरहून शहराकडे निघालं की पुढचंच स्टेशन सँडल सोप फॅक्टरी. साबणाच्या कारखान्याचं नाव असलेलं स्टेशन! वारा अनुकूल असला की परिसरात चंदनाचा वासही येतो. आमच्या घरात हा खेळच झाला आहे: डोळे मिटायचे आणि वास आला की हात वर करायचा. धाकटा मात्र यशवंतपूरलाच हात वर करून बसतो.

म्हैसूर सँडल साबण आपल्या आजीच्या न्हाणीघरातही असायचा. त्याची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानातलं चंदन युरोपात जाणं थांबलं आणि लाकडाचे ढीग पडून राहिले. तेव्हा महाराज चौथे कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी इथेच चंदनाचं तेल काढायचं ठरवलं आणि १९१६ मध्ये बंगळुरात सरकारी साबण कारखाना उभा राहिला. साबणाच्या खोक्यावरचा प्राणी नीट बघितला आहे का कधी? तोंड हत्तीचं, अंग सिंहाचं. त्याचं नाव शरभ. त्या दिवसापासून आमच्याकडे अंघोळीला कुरकुर नाही, कारण शरभ वाट बघत असतो.

एमएच कुठे दिसतंय?

तुमकूर रस्त्यालगत यशवंतपूरचं बाजार समितीचं यार्ड आहे. कांदा, बटाटा, धान्य यांची मोठी उलाढाल इथे चालते. मुलांना घेऊन आत फार फिरू नये. ट्रक सारखे मागेपुढे होत असतात, हमालांच्या पाठीवर पोती असतात. आम्ही कडेने, दोघांचे हात घट्ट धरून, भल्या सकाळी एक चक्कर मारली.

कांद्याचे ट्रक महाराष्ट्रातूनही येतात. मी थोरलीला नंबरप्लेट ओळखायला शिकवलं. ‘केए’ म्हणजे कर्नाटक, ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र. पंधरा म्हणजे नाशिक, सोळा म्हणजे नगर आणि तेरा म्हणजे आपलं सोलापूर. बराच वेळ तेरा काही सापडेना. निघता निघता एका ट्रकवर दिसला. ती इतक्या जोरात ओरडली की टपावरचा माणूस दचकला. मी मराठीत सांगितलं, “आम्हीही सोलापूरचे.” तो हसला, खाली वाकून तिच्या हातात एक कांदा ठेवला आणि म्हणाला, “घे ताई, गावाकडचा हाय.” तो कांदा तिने दोन दिवस चिरू दिला नाही.

एकोजीराजांचं गाव कोणतं?

यशवंतपूरहून रिक्षाने मल्लेश्वरम अगदी जवळ. तिथलं काडू मल्लेश्वर देऊळ मराठी घरातल्या मुलांना जरूर दाखवा. ‘काडू’ म्हणजे रान. एके काळी इथे रान होतं. आजही आवारात मोठी झाडं आहेत आणि गारवा आहे. १६६९ च्या शिलालेखात या देवासाठी एक गाव इनाम दिल्याची नोंद आहे. देणारे होते एकोजीराजे म्हणजे व्यंकोजी, शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. विजापूरकरांनी १६३८ मध्ये बंगळूर जिंकलं आणि ते शहाजीराजांना जहागिरीत मिळालं, तेव्हापासून मराठी माणूस या गावात आहे.

समोरच्या नंदीतीर्थात नंदीच्या मुखातून पाण्याची धार शिवलिंगावर पडते. हे ठिकाण मातीखाली गाडलं गेलं होतं. १९९७ मध्ये ते पुन्हा उजेडात आलं. पाणी कुठून येतं हे शोधत धाकटा नंदीच्या मागे जाऊ बघत होता आणि मी त्याच्या मागे. तेवढ्यात थोरलीने विचारलं, “आई, शिवाजी महाराजांच्या भावाचं ऊरु कोणतं?”

मी सांगायला गेले आणि अडखळले. वडिलांची पहिली जहागीर पुण्याकडची, कारभार बंगळुरात आणि पुढे राज्य तंजावरला. ते तिला तसंच सांगितलं. तिने बोटं मोजली. “म्हणजे तीन.” आणि लगेच पुढचा प्रश्न, “इडली कधी खायची?”

इडलीसाठी जवळच वीणा स्टोअर्स आहे. बसायला जागा नाही, पदपथावर उभं राहून खायचं. दोन मुलं, दोन प्लेटा आणि एकच आई असताना हे कसं जमतं ते विचारू नका. बाकी इडली इतकी मऊ की धाकट्याने न भरवता खाल्ली.

पायऱ्यांवरच्या बाहुल्या आणि पणजीचा फोन

नवरात्रात इथल्या घरांमधून गोंबे हब्बा असतो, म्हणजे बाहुल्यांचा सण. विषम संख्येच्या पायऱ्या मांडायच्या आणि त्यावर बाहुल्या. मुलीच्या लग्नात माहेरून राजा-राणीची लाकडी जोडी द्यायची रीत आहे. तिला पट्टद गोंबे म्हणतात. अज्जींची जोडी त्यांच्या लग्नातली. त्यांनी थोरलीला चन्नपट्टणची रंगीत लाकडी खेळणी खालच्या पायरीवर मांडू दिली आणि प्रसाद म्हणून हातावर हरभऱ्यांची उसली ठेवली. आपली उसळ ती त्यांची उसली.

तिथेच सोलापूरहून व्हिडिओ कॉल आला. माझी आजी, म्हणजे मुलांची पणजी, बोलत होती. भावंडं मागे असतील या भीतीने थोरली गप्प. मी पणजीला म्हटलं, “हल्ली कन्नडच जास्त बोलते गं.” पणजीने फोन जवळ घेतला आणि विचारलं, “ऊट आतेन?” म्हणजे जेवलीस का?

थोरलीचे डोळे मोठे झाले. मग ती हसत सुटली. “आतेन नाही पणजी, आयता म्हणायचं!” पणजी म्हणाली, “आमच्याकडं असंच म्हणत्यात बाई.” आणि दोघींची जुंपली. अज्जी मध्ये पडल्या. पुढची दहा मिनिटं माझ्या हातात फक्त फोन होता. बोलत तिघी होत्या, अर्धं कन्नड, अर्धं मराठी.

मला लाज वाटली, तुमच्यापासून काय लपवायचं? सोलापुरात वाढलेल्या मला हे आधी सुचायला हवं होतं. आमच्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू एकाच बाजारात नांदतात. आमचे ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले सिद्धराम; त्यांची वचनं कन्नडात आहेत. माझी आजी भाजीवालीशी कन्नडात घासाघीस करायची ते मी लहानपणी रोज ऐकलं. ती भाषा आमच्या घरात होतीच. मीच ती शिकले नाही. आणि लेक शिकली तेव्हा मला वाटलं, काहीतरी हातातून निसटतंय.

काळजी अगदीच खोटी नव्हती. मराठी आपोआप टिकत नाही. तिला रोज वेळ द्यावा लागतो. म्हणून आता झोपताना एक गोष्ट मराठीतून, रविवारी सोलापूरला फोन, आणि पणजीशी काय बोलायचं ते ठरवणार मुलंच. पण “पाणी बेकु” ऐकून चेहरा पाडायचा नाही, हे मी स्वतःला बजावलं आहे.

तुम्ही येणार असाल तर

एका दिवशी एकच ठिकाण ठेवा. लहान मुलांना तेवढं पुरतं. सकाळी लवकर निघा, दुपारी तुमकूर रस्त्यावर वाहतूक फार असते. मोकळं धावायला मत्तिकेरेचं जयप्रकाश नारायण उद्यान चांगलं. इथले लोक ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात त्या १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत वर्षातून एकदा ‘ओपन डे’ असतो. मुलं जरा मोठी असतील तर तो चुकवू नका. खंडेनवमीला म्हणजे आयुधपूजेला आलात तर सजवलेल्या रिक्षा, बस, ट्रक बघायला मिळतील, पण जपून चाला: रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यांवरून पाय घसरतो.

दसऱ्याला आपट्याची पानं मिळाली नाहीत. इथे बन्नीची म्हणजे शमीची पानं देतात. थोरलीने तीच मूठभर घेतली आणि इमारतीत दारोदार “सोनं घ्या” म्हणत वाटली. अज्जींनी पान कपाळाला लावलं आणि “सोनं घ्या” म्हणूनच तिला परत दिलं. एक पान तिने वहीत ठेवलं आहे, पणजीसाठी.

एप्रिलमध्ये आम्ही सोलापूरला जाणार आहोत. जेवताना ती पुन्हा “पाणी बेकु” म्हणालीच, आणि भावंडं हसलीच, तर अर्थ सांगायला पणजी पंगतीतच असेल.