परमुलखांतील एक पंगत

डच भाषेंत एक शब्द आहे. त्याचा उच्चार ‘खझेलख’ असा कांहींसा होतो. मूळ नाम ‘सोबती’ या अर्थाचें. त्यावरून हें विशेषण निघालें. ऊबदार, घरगुती, आपल्या माणसांनीं भरलेलें, गप्पागोष्टींस सोईचें, एवढा सगळा अर्थ डच लोक त्या एका शब्दांत भरतात. आणि मग खोली, संध्याकाळ, कॉफीपान, कांहींही त्यांच्या लेखीं खझेलख ठरूं शकतें. संस्कृतांत ‘सहवास’ आहे, पण त्यांत ऊब नाहीं. मराठींत ‘घरगुती’ आहे, पण त्यांत सोबत नाहीं. पस्तीस वर्षें मुलांकडून समानार्थी शब्द घोकवून घेतल्यामुळें असा शब्द कानीं आला कीं त्यास मराठी जोड शोधल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. या शब्दास जोड सांपडली नाहीं. मात्र तो ज्यास तंतोतंत लागू पडतो असें एक भोजनगृह पाहावयास मिळालें. त्याची हकीकत वाचकांस सांगावी असें मनांत आहे.

आमचे चिरंजीव हेग शहरीं नोकरीस आहेत. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां अडीच महिने त्यांच्या बिऱ्हाडीं राहून आलों. हॉलंडची राजधानी ॲम्स्टरडॅम. परंतु सरकार व संसद यांचें ठाणें हेगला. जावा-सुमात्राकडे चाकरी करून आलेले डच अंमलदार पूर्वीं पेन्शन घेऊन येथेंच स्थायिक होत, आणि म्हणून या शहरास ‘इंडीजची विधवा’ असें एक नांव पडलें आहे. नांव करुण खरें. पण त्या विधवेनें नवऱ्याच्या घरचा स्वयंपाक मात्र सोडला नाहीं, हें गल्लोगल्लीं फिरतांना नाकास कळतें.

चिरंजिवांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तें भोजनगृह आहे. दहाबारा मेजें, जुन्या लांकडाचा काळपट तपकिरी रंग, मेजांवर चक्क लहान गालिचे अंथरलेले, मंद दिवे, खिडकींत एक लठ्ठ मांजर. पदार्थांची यादी दोन रकान्यांची. डावीकडे डच, उजवीकडे इंडोनेशियन. डावा रकाना आमच्यासारख्यांस लवकर संपतो. वाटाण्याचें दाट सार आहे, पण त्यांत डुकराचें मांस. बटाटे, गाजर व कांदा एकत्र शिजवून घोटलेलें ‘हुत्स्पोत’ आहे. १५७४ सालीं लायडेन शहराचा स्पॅनिश वेढा उठला, त्याची आठवण म्हणून तेथील लोक दर वर्षीं ३ ऑक्टोबरला तें खातात. सफरचंद व दालचिनी घातलेला एक गोड पदार्थ आहे. दालचिनी कोठून आली हें मात्र यादींत लिहीत नाहींत.

तेथें जाण्याचें कारण फारसें आनंदाचें नव्हतें. आमचा नातू आठ वर्षांचा. त्याच्या शाळेच्या डब्यांत आमच्या कुटुंबानें एके दिवशीं मेथीची भाजी व पोळी दिली. डबा जसाच्या तसा परत आला. दुसऱ्या दिवशींही तेंच. खोदून विचारतां पोर रडूं लागलें. वर्गांतील मुलें नाक धरतात, असें तो म्हणाला, आणि त्यास जोडून हेंही म्हणाला कीं, “आजी परत जाईपर्यंत मी शाळेंत जेवणारच नाहीं.” लहान मुलाच्या तोंडचें वाक्य, पण तें लागावयाचें तेथें लागलें. सूनबाई त्यास रागावल्या, चिरंजीव सूनबाईंवर रागावले, आणि आमच्या कुटुंबानें कोणावरही न रागावतां रात्रीं आम्हांस एवढेंच सांगितलें, “तिकिटें अलीकडची करून घ्या.” तीन दिवस घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. चौथ्या दिवशीं, शुक्रवारीं, चिरंजीव सर्वांस त्या कोपऱ्यावर घेऊन गेले. आमचें कुटुंब एरव्हीं बाहेरचें अन्न घेत नाहीं. नुसतें सोबतीस म्हणून आलें.

दुकान आतां मुलगा पाहतो. पण त्याची आई रोज संध्याकाळीं येऊन बसते. बाईंचें वय सत्तरीच्या पुढें. रंग आपल्याकडील गोऱ्या माणसासारखा, केस पांढरे शुभ्र. जन्म जाव्हांतला. वडिलांकडून डच व जावानी असें मिश्र रक्त, आईकडूनही तसेंच. आम्ही संस्कृताचे शिक्षक हें चिरंजिवांनीं सांगतांच त्यांनीं स्वयंपाकांतील मलायी शब्दांची आमची परीक्षाच घेतली, आणि त्या परीक्षेंत आम्ही बरे उतरलों. साखरेस तिकडे ‘गुला’ म्हणतात. तो आपला गुड. मिरीं म्हणजे ‘मेरिचा’, तें मरिच. मध ‘मादु’. शिरका ‘चुका’; तें वैद्यकांतील चुक्र. जायफळास ‘पाला’ म्हणतात, म्हणजे नुसतें फल. जणूं त्या बेटांवर दुसरें फळच नाहीं! धने म्हणजे ‘केतुंबर’, आणि तो शब्द ऐकून आम्हांस कुस्तुंबुरूची आठवण झाली. रुचीस ‘रासा’. सर्वांत गंमत ‘पुआसा’ची, हा आपला उपवास, आणि मुसलमानी रमजानच्या रोज्यासही त्या देशांत हाच शब्द चालतो. नादसाम्यावर फार विसंबूं मात्र नये. ‘सांबल’ म्हणजे सांबार नव्हे. तो मिरच्यांचा ठेचा, आणि चांगलाच तिखट.

उजव्या रकान्यांतील मुख्य गोष्ट ‘रैसताफल’. शब्द शुद्ध डच. अर्थ ‘भाताचें मेज’. मेजावर मेणबत्त्यांनीं तापविलेल्या पट्ट्या ठेवतात, त्यांवर बारा, पंधरा, कधीं वीसही लहान वाट्या मांडतात, आणि मध्यें भात. भात ताटाच्या मधोमध घ्यावा, भोंवतीं एकेक पदार्थ थोडा थोडा, आणि सगळें एकत्र कालवूं नये, असा दंडक. चमचा व कांटा, सुरी नाहीं. जाव्हांतील साधें कुटुंब असें जेवत नाहीं. भात, एकदोन तोंडीं लावणीं व सांबल एवढ्यांत त्यांचें भागतें. हा थाट डच मळेवाल्यांनीं व अंमलदारांनीं उभा केला. बटाव्हियाच्या मोठ्या हॉटेलांतून वाढप्यांची रांगच्या रांग निघे, आणि प्रत्येकाच्या हातीं एकच पदार्थ असे. आमच्या लग्नाच्या पंगतींतही वाढप्यांची रांग असते; परंतु तेथें वाढणारा हा घरचाच कोणी असतो, आणि वाढून झालें कीं दुसऱ्या पंगतीस तोही पाटावर बसतो. बटाव्हियाच्या वाढप्यास दुसरी पंगत नव्हती. हा फरक लहान नव्हे.

आम्हीं पदार्थांविषयीं विचारतांच बाईंनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें कीं, बहुतेक भाज्यांत व सांबलांत ‘त्रासी’ असते, म्हणजे कोळंबी आंबवून वाळवून केलेला गोळा. पांढऱ्या कुरकुरीत पापडांतही कोळंबीच. “तुमच्यासाठीं निराळें करतें, पण अर्धा तास लागेल.” आमच्या कुटुंबानें विचारलें, तेल तेंच का, डाव तोच का. चिरंजीव संकोचले. बाईंनीं त्यांना हातानेंच थांबविलें, उठल्या, आणि आमच्या कुटुंबास सरळ आंत स्वयंपाकघरांत घेऊन गेल्या.

अर्ध्या तासानें दोघी बाहेर आल्या त्या एकमेकींची भाषा येत नसतांही बोलतच. आंत एक काळा, उथळ, दगडी खल आहे. त्यास ‘चोबेक’ म्हणतात. बाईंच्या आईनें जाव्हा सोडतांना पेटींत कपड्यांच्या जागीं तो घातला होता. आमचें कुटुंब म्हणालें, “वरवंटा उभा नाहीं, वांकडा धरतात, पण वाटण चांगलें होतें.” एवढी प्रशस्ति आमच्या वाट्यास कधीं आलेली नाहीं. मेजावर आलें तें असें : नारळाच्या रसांतील भाज्या, उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचें दाट वाटण घातलेलें ‘गाडो-गाडो’, काकडी-गाजराचें आंबटगोड ‘अचार’, खोबरें भाजून केलेलें ‘सेरुंडेंग’, आणि ‘तेंपे’. हें तेंपे सोयाबीनचें. दाणे शिजवून त्यांवर एक प्रकारची बुरशी मुद्दाम वाढवितात. एकदोन दिवसांत तिच्या पांढऱ्या तंतूंनीं दाणे बांधले जाऊन वडी तयार होते, ती तळतात. ‘बुरशी’ हा शब्द ऐकून सूनबाईंनीं चमचा खालीं ठेवला. आमच्या कुटुंबानें मात्र, “इडलीचें पीठ काय आपोआप फुगतें?” असें म्हणून पहिला तुकडा घेतला. सहा आठवड्यांत घराबाहेर खाल्लेला हा त्यांचा पहिला घांस.

त्या जेवणांत नातू हट्टानें नुसते बटाटे तळून खात होता. बाईंनीं त्याच्याशीं डच भाषेंत बोलावयास आरंभ केला, आणि चिरंजीव आम्हांस अर्थ सांगत गेले. इंडोनेशियानें १७ ऑगस्ट १९४५ रोजीं स्वातंत्र्य पुकारलें. लढाई होऊन २७ डिसेंबर १९४९ रोजीं डचांनीं सत्ता सोडली. पुढें १९५७ च्या डिसेंबरांत तेथील डच नागरिकांस देश सोडावयास लावण्यांत आलें. त्या लाटेंत १९५८ सालीं, वयाच्या सातव्या वर्षीं, ही मुलगी हॉलंडला आली. अशीं दोन दशकांत सुमारें तीन लाख माणसें आलीं. सरकारनें त्यांची सोय खाणावळींच्या घरांत केली. एका खोलींत एक कुटुंब. जेवण घरमालकिणीचें, म्हणजे उकडलेले बटाटे. खोलींत चूल पेटविण्यास बंदी. बाईंची आई कपाटांत स्टोव्ह लपवून रात्रीं भात शिजवी. खिडकी उघडली तर थंडी, न उघडली तर वास. शाळेंत मुलें म्हणत, हिला लसणीचा वास येतो.

“मग तुम्हीं काय केलें?” नातवानें विचारलें. तीन दिवसांतील हें त्याचें पहिलें नीट वाक्य.

“दहा वर्षें शाळेंत पाव-चीज खाल्लें आणि घरीं भात. आईला मात्र कधीं सांगितलें नाहीं कीं मुलें काय म्हणतात.” मग दाराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “त्यांतलींच दोघें शुक्रवारीं येथें येतात. आज उशीर झालेला दिसतो.”

नातवानें यावर कांहीं म्हटलें नाहीं. थोड्या वेळानें त्यानें बटाट्यावर शेंगदाण्याचें वाटण ओढून घेतलें. शाळेंत तो अजूनही पावच नेतो, हें येथें सांगितलें पाहिजे. परंतु त्या रात्रीं घरीं आल्यावर तो आजीजवळ निजला, आणि तिकिटांचा विषय पुन्हां निघाला नाहीं.

आमच्या मराठींत ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’ म्हणतात. त्या बाईंकडे पाहून आम्हांस ही म्हण वारंवार आठवे. जाव्हाच्या लेखीं त्या डच, डचांच्या लेखीं जावानी. आम्हीं पुढें एके दिवशीं त्यांस बांदा बेटांविषयीं विचारलें. जायफळाच्या मक्तेदारीसाठीं १६२१ सालीं यान पीटरझोन कून यानें तेथील वस्ती जवळजवळ निपटून काढली. आणि डच गृहिणी आजही फुलकोबीवर जायफळ किसून घालतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. डच राजानें २०२० सालीं इंडोनेशियांत जाऊन स्वातंत्र्ययुद्धांतील अत्याचारांबद्दल क्षमा मागितली, तेंही आम्हीं काढलें. बाई कांहीं बोलल्या नाहींत. उठून खिडकींतलें मांजर उचललें आणि त्यास आंत घेऊन गेल्या. मास्तरकीची संवय वाईट. प्रत्येक प्रश्नास उत्तर असावें अशी आपली अपेक्षा असते. त्या परत आल्यावर आम्हीं वेंगुर्ल्याचा विषय काढला. तेथें सतराव्या शतकांत डचांनीं वखार घातली होती. तिच्या पडक्या भिंतींत आम्हीं कित्येक वर्षें मुलांस सहलीस नेलें आहे. “म्हणजे आमचे आजोबे-पणजोबे तुमच्याही घरीं येऊन गेले म्हणावयाचे!” असें म्हणून त्या मनमोकळें हंसल्या.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आमच्या कुटुंबानें आपल्या डब्यांतील उरलेलीं आमसुलें त्यांस नेऊन दिलीं. त्या चिंच वापरतात; आमसूल त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. जिभेवर ठेवून डोळे मिटले, आणि मुलास हांक मारून त्यासही दिलें. उलट भेट म्हणून सेरुंडेंगची कृति मिळाली. ती सूनबाईंनीं लिहून घेतली आहे, आणि आमच्या घरीं दोनदां झाली. ओलें खोबरें खवून मंद आंचेवर कोरडें होईपर्यंत परतावें. धने, थोडें जिरें, किसलेलें आलें, चिंचेचा कोळ, गूळ व मीठ घालावें. बाई कांदा-लसूणही घालतात. चातुर्मासांत तो गाळला तरी चालतो. तांबूस रंग येईतों हात थांबवावयाचा नाहीं, नाहींतर तळ लागतो. भाजलेले शेंगदाणे अगदीं शेवटीं, खालीं उतरवून गार झाल्यावर घालावे. आधीं घातले तर ते मऊ पडतात. घट्ट झांकणाच्या डब्यांत महिनाभर टिकतें असें बाई म्हणाल्या होत्या. आमच्याकडे तें चार दिवसांवर गेलें नाहीं.