लगाम कुठून आला?

काल्पनिक जग उभे करणाऱ्या लेखकाने वाचकांना ‘विचारा, काय हवे ते विचारा’ असे सांगावे का? माझ्या मते जरूर सांगावे. मी मुलांसाठी जादूच्या गोष्टी लिहितो आणि पुस्तकाच्या शेवटी पत्ता छापतो. प्रश्न कसे झेलावेत, हे मात्र मला जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या पत्रांनी शिकवले.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड १९५४-५५ साली निघाले. वंशावळी, कालगणना, लिप्या यांच्या परिशिष्टांपायी तिसरा खंड रखडला. तरी वाचकांचे समाधान होईना. ऑक्सफर्डच्या या प्राध्यापकाकडे पत्रे येत राहिली. त्यांच्या निवडक पत्रांचा संग्रह १९८१ साली, ते वारल्यानंतर आठ वर्षांनी छापला गेला.

१९५८ साली एका वाचक बाईंनी विचारले, एल्फ लोक लगाम-खोगिराविना घोडा हाकतात, मग ग्लॉरफिंडेलच्या घोड्याला लगाम कसा? ‘कल्पनाच ती, चालायचेच’ असे म्हणून आपल्याकडचा लेखक मोकळा झाला असता. टॉल्कीननी आधी थट्टा केली, मग शब्द बेफिकिरीने पडल्याचे सरळ मान्य केले. पुढच्या आवृत्तीत लगाम गेला, तिथे म्होरकी आली.

दुसरा प्रश्न अवघड होता. एका कॅथलिक पुस्तकांच्या दुकानाच्या व्यवस्थापकाने १९५४ मध्येच शंका काढली होती, की एल्फ मरून पुन्हा जन्मतात, हे धर्माला धरून आहे का? टॉल्कीन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी लांबलचक उत्तर लिहायला घेतले. निर्मात्याने वापरलेल्या ज्ञात वाटांपलीकडच्या वाटा कल्पिणे हा त्याचा अवमान नाही, त्याच्या अमर्याद सामर्थ्याला ती मानवंदना आहे, असा त्याचा रोख. पण ते पत्र त्यांनी धाडलेच नाही. आपण स्वतःला फारच महत्त्व देतो आहोत, असे त्यांना वाटले.

ही शंका आपल्या घरांना परकी नाही. लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड निघू लागले. त्यातल्या गोष्टी नानी आम्हाला सांगायची, आणि मामू कुरकुरायचे. रसूलुल्लाहांचे चाचा हजरत हमजा, त्यांच्या नावावर हे जादूगार नि पऱ्या कशाला? नानी त्यांना उत्तर देत नसे. मला मात्र देई. अमर अय्यारच्या झंबीलमध्ये अख्खी शहरे मावतात, तर ती खांद्याला जड होत नाही का, असे मी विचारले होते. “भारी रहती तो उतार के नहीं रखता क्या?” नानी म्हणाली. माझे समाधान झाले.

टॉम बॉम्बाडिल कोण, हे टॉल्कीननी मुद्दाम गूढ ठेवले. दूरचे डोंगर दुरूनच खुणावतात. तिथे पोचल्यावर पलीकडे आणखी डोंगर दिसले नाहीत, तर जादू सरली, असे त्यांचे मत. मला ते पटते. तरी त्याची ढाल करून आळस लपवणारे लेखक पुष्कळ आहेत.

गेल्या महिन्यात सातवीतल्या एका मुलीचे पत्र आले. तुमच्या बेटावर मशीद आहे, पण तिथे अजान कुणीच का देत नाही? हा प्रश्न लगामाचा की बॉम्बाडिलचा, ते अजून ठरत नाही. पत्र टेबलावर आहे.