नाक जालन्याकडे

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. आमच्या आईचे सारे आयुष्य जुन्या जालन्यात गेले. वाट सांगताना ती उजवे-डावे म्हणत नाही. नदीकडे, स्टेशनाकडे, आनंदीस्वामींच्या देवळाकडे, असेच सांगते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिला तातडीने मुंबईस न्यायचे ठरले, आणि विमानाचे नाव काढताच तिने साफ नकार दिला.

नशिबाने माझा एक जुना विद्यार्थी रजेवर आला होता. मराठीत तो कसाबसा पास झालेला; आज सहवैमानिक आहे! ओसरीवर चहा घेताना तो म्हणाला, “आजी, चिकलठाण्याच्या धावपट्टीच्या पश्चिम टोकाला ०९ लिहिलंय. म्हणजे नव्वद अंश, शेवटचं शून्य गाळून. नव्वद म्हणजे पूर्व. तिथं उभं राहिल्यावर होकायंत्रात नव्वदच्या आसपास आकडा दिसलाच पाहिजे. नाही तर आम्ही जागचे हलत नाही.”

“आणि यंत्रच खोटं बोललं तर?”

तो हसला नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले, २१३ माणसे गेली, हे त्याने सरळ सांगितले. बाहेर काळोख, कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडले आणि विमान कुठे कलले आहे हेच त्याला उमगले नाही, इतर यंत्रे पाहून सावरणेही जमले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

“म्हणून दोघा वैमानिकांपुढे वेगवेगळी यंत्रं, शिवाय एक राखीव. धावपट्टीकडे जातानाच पाहायचं: विमान डावीकडे वळलं की दिशेचे अंश उतरले पाहिजेत, क्षितिज मात्र आडवंच राहिलं पाहिजे. आणि एकमेकांशी ताडून पाहायचं.”

“सोयरिकीआधी तीन घरी चौकशी करतात तसं,” आई म्हणाली. मी गप्प बसलो. माझ्या वेळी तिने पाच घरी केली होती.

जालन्याहून साठेक किलोमीटर मोटारीने जाऊन आम्ही छत्रपती संभाजीनगरचा तो विमानतळ गाठला. धावपट्टीच्या तोंडाशी विमान क्षणभर थांबले. आईने माझे मनगट घट्ट धरले.

“आता नाक कुठं?”

“जालन्याकडे.”

“मग जाऊ दे.”

चाके सुटली, जमीन खाली गेली. थोड्या वेळाने पंख कलला आणि विमान मुंबईच्या दिशेने वळले. आईने डोळे उघडून विचारले, “अरे, ऊन या बाजूला कसं आलं?”