लाल शाईची रेघ

मंडळी, शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा एक दंडक आम्हा मास्तरांच्या हाडीमासी खिळलेला असतो. त्यात खाडाखोड करायची नाही. नाव किंवा जन्मतारीख बदलायचीच असेल, तर जुन्यावर लाल शाईची एकच रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे. वर नवं लिहायचं, शेजारी कारण, सही, तारीख.

पुण्याला नोकरी करणाऱ्या नातवाने मला 'गिट' समजावून सांगितलं, तेव्हा मला हेच रजिस्टर आठवलं. तो आणि त्याचे मित्र फावल्या वेळात शेतीच्या शब्दांचा मुक्त स्रोत कोश करताहेत. मुक्त स्रोत म्हणजे कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा असा. त्याची वेबसाईट उभी करायची होती आणि मराठी तपासायला रिकामटेकडा मास्तर हवाच होता!

वेबसाईट म्हणजे एका फोल्डरमधल्या साध्या मजकुराच्या फायली. बदल केला की गिटमध्ये नोंद करायची : कोणी, कधी, कशासाठी. मग त्या फायलींवरून पानं आपोआप तयार होऊन वर चढतात. प्रत्येक नोंदीला अक्षर-आकड्यांची एक लांबलचक खूण मिळते. ती त्या वेळच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या खुणेवरून काढलेली असते. दुकानदार वहीत 'मागील पानावरून' बेरीज पुढे आणतो ना, तसंच. मागे कुठे गुपचूप एक अक्षर बदललं, तर पुढच्या सगळ्या खुणा बदलतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी हे लिहिलं. कधी न भेटलेल्या असंख्य लोकांनी एकाच मजकुरावर काम करायचं, तर अशी वही हवीच.

आता खरी गोष्ट. कोशातले बरेच वऱ्हाडी शब्द माझ्या एका शेतकरी मित्राने सांगितलेले. नांदगाव पेठेत माझ्या ओसरीवर बसून तो बोलायचा, नातू टाइप करायचा. मित्राने आयुष्यात कीबोर्डला हात लावला नाही. पण गिटमध्ये लिहिणारा आणि नोंद करणारा असे दोन वेगळे रकाने असतात. नातवाने लिहिणारा म्हणून मित्राचं नाव घातलं.

मित्र गेल्या साली गेला.

नंतर दूरच्या जिल्ह्यातल्या एका उत्साही माणसाने 'डवरणी' काढून 'कोळपणी' केलं, 'धुरा' काढून 'बांध'. कारणाच्या जागी लिहिलं : शुद्ध रूप. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नातू मात्र शांत. म्हणाला, "आबाजी, खोडल्यानं काही जात नाही यात. हे पाहा." जुनी नोंद उघडली. 'डवरणी', आणि लिहिणारा म्हणून मित्राचं नाव, तारखेसकट. मी चष्मा पुसला.

नातवाने तो बदल उलटवला नाही. नवी नोंद सुचवली, त्या गृहस्थाशी चर्चा केली, आणि आता दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आहेत, कुठे काय म्हणतात त्यासकट. कोळपणीही खरी, डवरणीही खरी. पिकातलं तण दोन्हींनी निघतं.

हे शहाणपण आपल्याला नवं नाही हो. आमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केलं. मूळ पोथी खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गेली, असं परंपरा सांगते. मग अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. एकाची आठवण दुसऱ्याशी तंतोतंत जुळेना. तेव्हा त्यांनी एक ठेवून बाकीच्या पुसल्या नाहीत. वेगळी आठवण 'वासना' म्हणून टिपली, कित्येक ठिकाणी सांगणाऱ्याच्या नावानिशी. हिराइसासारख्या बाईचं नाव म्हणूनच आजवर टिकलं.

माणूस जातो. त्याचा शब्द दुसऱ्याच्या तोंडी राहतो, पण कोणी दिला हे पहिल्यांदा विसरलं जातं. तेवढं राहावं म्हणून हा सगळा खटाटोप.

तेव्हा भाचरांनो, पुतण्यांनो, आणि इथे नेमाने येणाऱ्या मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांचे शब्द मला जरूर कळवा. फक्त शब्द नको, कोणाकडून ऐकला तेही लिहा. बाकी नातू पाहून घेईल.