टपाल बंद होतं तेव्हा

धाकट्या बहिणीची नात गेल्या सप्टेंबरपासून जर्मनीत नर्सिंग शिकते आहे, स्टुटगार्टजवळच्या एका गावात. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झाले की तिचा व्हिडिओ कॉल येतो. हीटरवर वाळत घातलेले मोजे दिसतात, भिंतीवर आईने दिलेला गणपती दिसतो. "मावशीआजी, जेवलीस का?" हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला. मी तिच्या मागची खोली बघत राहते आणि मला माझी खोली आठवते.

मी १९७१ च्या जानेवारीत गेले. मिरजेहून रेल्वेने मुंबई, सांताक्रूझहून विमान, पर्समध्ये तीन पौंड. सरकार तेवढेच नेऊ देत असे. वय १९. इंग्लंडच्या लँकेशायरमधलं गिरण्यांचं गाव, दुपारी चारला अंधार. नर्सेस होममध्ये एक पलंग, एक कपाट आणि रात्री दहाच्या आत परत आल्याची नोंद करणाऱ्या होम सिस्टर. सुखरूप पोचल्याचं पत्र टाकलं आणि २० जानेवारीला तिथले पोस्टमन संपावर गेले. ८ मार्चपर्यंत, म्हणजे जवळजवळ सात आठवडे, टपाल बंद. खाली जिन्याजवळ फोन होता, पण मिरजेत आमच्या अख्ख्या गल्लीत फोन नव्हता. मी रात्री एरोग्राम लिहायचे आणि कपाटात रचून ठेवायचे. संप मिटल्यावर एकोणीस पत्रं एकदम टाकली. आप्पांनी ती तारीखवार लावून घरात वाचून दाखवली. आईने उत्तरात एवढंच विचारलं होतं, "तिसऱ्या पत्रात सर्दी झाली म्हणालीस, ती बरी झाल्याचं कुठल्याच पत्रात नाही."

पण घराच्या आठवणीपेक्षा मोठा धक्का वॉर्डात होता, आणि तो नातीलाही तसाच्या तसा बसला. मिरजेत दवाखाना म्हणजे नातेवाइकांचा राबता. पेशंटला भरवायचं, अंग पुसायचं, भांडं द्यायचं, हे सगळं घरची माणसं करायची. सिस्टर इंजेक्शन द्यायची, चार्ट लिहायची, डॉक्टरांबरोबर राउंडला जायची. नर्स म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तेच चित्र होतं. इंग्लंडात समोरासमोर दोन रांगांत तीस खाटा आणि नातेवाईक भेटीच्या तासापुरते. खाटांची चाकं एका दिशेला, उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराकडे नको, असली शिस्त मी चटकन उचलली. तिसऱ्या दिवशी सिस्टरने स्टीलचं घमेलं हातात दिलं आणि गिरणीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांना स्पंज द्यायला सांगितलं.

मी माझ्या वडिलांना बनियनशिवाय पाहिलं नव्हतं. सिस्टर शेजारी उभी राहून सांगत होती. पाणी कोपराने तपासायचं. आधी चेहरा, आणि चेहऱ्याला साबण चालेल का हे त्यांनाच विचारायचं. मग एक हात उघडा करायचा, धुवायचा, टिपायचा, झाकायचा आणि तेव्हाच दुसरा उघडायचा. जेवढं धुतो आहोत तेवढंच अंग उघडं. माझे हात कापत होते. आजोबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. छातीपर्यंत आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त संकोच वाटतो आहे. तिथून पुढे हात कापले नाहीत.

नातीने दुसऱ्याच आठवड्यात रडत फोन केला होता. घरात चर्चा सुरू झाली, पोरगी शिकायला गेली की आयाचं काम करायला? मला फार वाईट वाटलं. तिकडे या कामाला 'ग्रुंडफ्लेगे' म्हणतात, म्हणजे पायाभूत शुश्रूषा. तीन वर्षांच्या त्या शिक्षणात २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामात जातात. पुसता पुसता पाठीवरचा लालसर डाग बोटाला कळतो. तो तेव्हाच कळला नाही तर चार दिवसांनी तिथे जखम होते. हे काम हलकं मानायची सवय आपली आहे, त्या मुलीची नाही.

भाषेचं दुखणंही जुनंच. मी आमच्या शाळेत इंग्रजीत पहिली होते. वॉर्डात एक म्हातारी मला म्हणाली, तिला 'स्पेंड अ पेनी' करायचं आहे. १५ फेब्रुवारीला तिथली नाणी बदलली होती, वॉर्डभर नव्या-जुन्या पेनींचा घोळ चालला होता. मी धावत जाऊन पर्समधून नाणं आणलं. तिला लघवीला जायचं होतं. चादर ओली झाली, ती मान वळवून भिंतीकडे बघत राहिली. त्या वळलेल्या मानेची आठवण अजून बोचते.

नात पुण्यात दीड वर्ष जर्मन शिकली, बी-टूची परीक्षा पास होऊन गेली. पण स्टुटगार्टकडे श्वाबी बोली. पुस्तकात 'हेबन' म्हणजे उचलणं, त्या बोलीत 'हेबन' म्हणजे धरून ठेवणं. ड्रेसिंग चालू असताना बरोबरची नर्स म्हणाली, पाय 'हेब', आणि हिने तो वर उचलला. पेशंट कळवळला. त्या रात्री कॉलवर ती काही बोललीच नाही. मी तिला नाण्याची गोष्ट सांगितली, पन्नास वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी.

काही गोष्टी मात्र खरंच बदलल्या. मला नर्सिंगचे दोन कोर्स असतात हेच ठाऊक नव्हतं. माझ्या फॉर्मवर नुसतं 'ट्रेनिंग' लिहिलेलं. तीन वर्षांचा एसआरएन आणि दोन वर्षांचा एसईएन, आणि मला दोन वर्षांच्या कोर्सला घातलंय, हे जमैकाच्या एका मुलीने दुसऱ्या महिन्यात सांगितलं. भारतात त्या कागदावर नोकरी मिळणार नव्हती. पुढे नोकरी करता करता मी एसआरएन पुरं केलं, पण वर्षं गेली ती गेली. नातीच्या कराराची कलमं आम्ही चौघांनी बसून वाचली. तिला शिकतानाच महिन्याला १,३०० युरोंच्या वर मिळतात. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने स्टुटगार्टच्याच राज्याशी, बाडेन-व्युर्टेंबर्गशी, कुशल मनुष्यबळाचा करार केला. आता ही वाट मुली एकेकट्या तुडवत नाहीत.

तरी एक सांगते, बहिणीला आवडणार नाही. त्या सात आठवड्यांत मी पोरकी झाले होते, आणि त्याच सात आठवड्यांत वॉर्ड माझा झाला. रडू आलं तर शेजारच्या खोलीतल्या आयरिश मुलीकडे जावंच लागायचं. नातीला तशी गरज पडत नाही, आई खिशातच आहे. ती चार महिने शेजारच्या खोलीतल्या फिलिपिनो मुलीशी नीट बोललीही नव्हती. मी मुद्दाम दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्या दोघी मिळून भात-आमटी करत होत्या.

परवा तिचा फोन अवेळी, पहाटे आला. एक आजी गेल्या होत्या. सुरुवातीला ती त्यांना 'ओमा' म्हणायची, आपण 'आजी' म्हणतो तसं. "त्यांना आडनावानेच हाक मारायची, नाहीतर अपमान वाटतो," असं शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं होतं. ती हळू आवाजात सांगत होती, "मावशीआजी, आम्ही त्यांना पुसलं, केस विंचरले. मग सिस्टरने खिडकी उघडली. बाहेर बर्फ होतं, तरी उघडली."

माझ्या वॉर्डातही उघडायचे.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी त्यांना एकदा ओमा म्हटलं. कुणी काही बोललं नाही."