नदीकाठचा हिशेब

आमचं सायखेडा गोदावरीच्या काठी. अब्बांनी आम्हा भावंडांना वुजू शिकवलं, तेव्हा पहिली ताकीद दिली ती पाण्याची. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आम्ही नदीकडे बघतच ऐकली.

ओझरची लढाऊ विमानं आमच्या डोक्यावरून जातात; पण विमानाच्या तेलाचा हिशेब घरात होईल, असं वाटलं नव्हतं. धाकटी बहीण वैमानिक व्हायला निघाली आणि तोही झाला. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यासाठी कर्ज काढलं. चार आसनांचं सेस्ना 172 तासाच्या भाड्यानं मिळतं, तेल भाड्यातच.

ईदला ती घरी आली. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेल्या अब्बांनी विचारलं, "ताशी किती पितं गं?"

"जोरात नेलं तर साधारण 32 लिटर. जोर कमी केला तर 25. वेग 220 किलोमीटरवरून 195 वर येतो, एवढंच."

वेग वाढला की हवेचा अडथळा त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो, असं तिनं समजावलं. 300 किलोमीटरला 5 लिटर वाचतात.

आम्ही म्हणालो, "तुला तर तासच भरायचे आहेत. भाडं तेवढंच. वाचलेलं तेल मालकाचं, मग तुला काय फायदा?"

ती गप्प बसली. अब्बा म्हणाले, "मी दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचो, तेव्हा डिझेल मालकाचंच असायचं. ती अमानत होती. नदी तरी कुठं आपल्या मालकीची आहे?"

"पण अब्बा, उड्डाण घेताना आणि वर चढताना पूर्ण जोर लागतोच. तिथं काटकसर नाही. आणि टाकीतला राखीव साठा कमी करायचा नाही. सर सांगतील, विमानाच्या पुस्तकात असेल, तेवढाच जोर कमी करते."

"बरोबर. जीवही अमानतच आहे."

या तेलात अजून शिसं असतं, ते जळून हवेत जातं, हेही तिनं सांगितलं. म्हणजे वाचलेलं तेल एकट्या मालकाच्या पदरात पडत नव्हतं.

आम्ही गुपचूप उठलो. मळ्यात मोटर सकाळपासून चालू होती. कांद्याचे वाफे कधीच भरले होते आणि पाणी बांध ओलांडून रस्त्यावर आलं होतं.