पायाखालचा गालिचा

(बी. ए. भाग २)

गालिचा हा शब्द मोठा भारदस्त आहे. फारसीतून तो मराठीत आला आणि आल्यापासून दरबारातच राहिला, अशी माझी लहानपणी समजूत होती. आमच्या घरात जमिनीवर कधी गालिचा नव्हता. झोपायला वाकळ, पाहुण्यांना सतरंजी आणि आजीचे एक काळे घोंगडे, एवढाच आमचा थाट. तरीही एक गालिचा आमच्या मालकीचा होता. तो घरात नव्हता, गाडीत होता.

गाडी म्हणजे पांढरी मारुती व्हॅन, दुसऱ्याकडून घेतलेली. सकाळी शाळेची मुले, दुपारी भाजीची पोती, सणावाराला जत्रेचे भाडे आणि वर्षातून चार वेळा आम्ही स्वतः, असा तिचा संसार. तिच्या तळाला अंथरलेल्या जाड करड्या कापडाला तीन नावे होती. कुशनवाले त्याला कार्पेट म्हणत, आई बसकर म्हणे आणि आबा मात्र गालिचा म्हणत. ‘गाडी लोकं टपाकडं बघून ठरवत न्हाईत, पाय ठेवला की ठरवत्यात,’ हे आबांचे ठरलेले वाक्य. आबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पण गाडीची पायरी मी त्याच्या कितीतरी आधी चढले होते, हातात ब्रश घेऊन. दर रविवारी गालिचा काढायचा, झटकायचा, पुसायचा, हे काम माझ्याकडे होते.

वाचकहो, कोल्हापूरची गाडी घाण होते म्हणजे काय होते, हे कोल्हापूरकरालाच कळेल. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावरून भाडे परत आले की गाडीचा तळ गुलाबी. सासनकाठ्यांवर उधळलेला गुलाल माणसांच्या पायांबरोबर, केसांबरोबर खाली येतो आणि गालिच्यात मुक्काम करतो. ऑक्टोबरच्या सुमारास पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा. तिथला भंडारा लागला की तळ पिवळा. मार्केट यार्डातून गुळाचे रवे आणले की गालिचा चिकट, आणि त्यामागोमाग मुंग्यांची दिंडी. लग्नाच्या वऱ्हाडाने डबा सांडला की तांबड्या रश्श्याचा तवंग. एकाच कापडावर आमच्या जिल्ह्याचा भूगोल आणि पंचांग दोन्ही वाचता येत असे.

या प्रत्येक डागाचे शास्त्र वेगळे आहे, आणि ते मला पुस्तकातून नव्हे, हातातून कळले. गुलालाला पाणी दाखवायचे नाही. कोरडा असताना गालिचा उलटा टांगून मागून काठीने झोडायचा, नंतर कोरड्या ब्रशने एकाच दिशेने ओढायचा. पाणी लागले की रंग धाग्यात उतरतो आणि डाग तळहाताएवढा असला तर सुपाएवढा होतो. भंडाऱ्याची गंमत निराळी. त्याला साबण लावला की पिवळ्याचे लाल होते. हळदीला क्षार लागला की ती लाल होते; हळद आणि चुना एकत्र करून कुंकू करतात ते याच गुणामुळे. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. पण नीट खळबळून कडक उन्हात टाकले की हळदीचा रंग ऊनच खाऊन टाकते. गुळाला ऊन पाणी पुरते. रश्श्याच्या तेलाला आधी पीठ. ते तेल पिऊन घेते, मग साबण. आणि रोजच्या पायाची माती ओली असताना कधी घासायची नाही. वाळू द्यावी, झटकावी, उरलेल्यावर पाणी घालावे.

हे सगळे शास्त्र २०२१ च्या जुलै महिन्यात अपुरे पडले.

पंचगंगेच्या पाण्याचे आकडे कोल्हापूरच्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला आणि काही दिवस बंदच राहिला. तेव्हा मी आठवीत होते. आमचे घर दुधाळीच्या बाजूला, उताराला. त्या पुरात आबांनी गाडी एका चढावर नेऊन लावली होती. तिथे पाणी निम्म्या चाकापर्यंत आले आणि थांबले. २०२१ ला आबांनी गाडी पुन्हा त्याच जागी लावली. एवढ्या मोठ्या पुराने घालून दिलेली मर्यादा पुढचा पूर पाळील, असे कोणालाही वाटले असते. पण या वेळी पाणी वीतभर अधिक चढले. आणि निम्मे चाक व गाडीचा तळ यांत अंतर असते तेही वीतभरच.

पाणी उतरू लागल्यावर आम्ही दार उघडले. आत पाणी फार नव्हते. गाळ होता. लोण्यासारखा मऊ, काळसर, बोटाच्या पेरभर जाडीचा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त म्हणतात ती सरस्वती, या पाच नद्या प्रयाग चिखलीला मिळून पंचगंगा होते, हे चौथीत शिकले होते. त्या पाचही नद्या आमच्या गालिच्यावर बसल्या होत्या.

पुराच्या गाळाला रोजच्या मातीचा नियम लागू पडत नाही. तो वाळला की सिमेंट होतो. म्हणून पाणी उतरता उतरताच तो ढकलायचा, हे पूरपट्ट्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण ढकलायला पाणी हवे! पुरात शहराची उपसा केंद्रेच बुडतात आणि नळ कोरडे पडतात. चहूकडे पाणी आणि गालिचा धुवायला घागरभर नाही, अशी गत. टँकरचे पाणी पिण्याला. शेवटी वरच्या गल्लीतल्या एकाच्या बोअरवर दोन तासांची परवानगी मिळाली. कोणीतरी म्हणाले, नदीवर न्या की, घाटावर पाणीच पाणी आहे. आई म्हणाली, ‘नदीनं आपल्यात आणलेली घाण परत नदीत टाकायची न्हाई.’ बोअरवरचे आमचे पाणीही दुधाळी नाल्यातून शेवटी पंचगंगेलाच जाणार होते, हे मला कळत होते. पण आईला ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

आबांनी पाना घेऊन सीट सोडवल्या. गाडीच्या तळाच्या पत्र्याला रबरी बुचे असतात. ती काढली की साचलेले पाणी खाली जाते. गालिचा उचलला तेव्हा खरी गोष्ट कळली. गालिच्याच्या खाली नमदा असतो, जाड, लोकरी थरासारखा. बाहेरचा आवाज आणि उष्णता अडवणे हे त्याचे काम. तो पाणी पितो आणि सोडत नाही. वरचा गालिचा धुता येतो. नमदा धुता येत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी काढून टाकावा लागला. त्याखालचा पत्रा आबांनी तारेच्या ब्रशने घासला, पॉलिश पेपर मारला, रेड ऑक्साईडचे दोन हात दिले. दोन ठिकाणी मात्र पत्र्याने गंज धरायला सुरुवात केलीच. इंजिनाचे मिस्त्रींनी पाहिले. गालिचा माझ्या वाट्याला आला.

साध्या पाण्याने सात-आठ वेळा, मग साबणाने, मग पुन्हा साध्या पाण्याने, खालचे पाणी स्वच्छ येईपर्यंत. पिळायचा नाही, नाहीतर कापडाची पाठ तडकते. नुसता तिरका टांगून निथळू द्यायचा. धुणे एका दिवसात झाले. वाळवणे आठ दिवस चालले. आषाढात ऊन कुठले? ओटीवर दोन दोऱ्या बांधल्या, वीज आल्यावर टेबलफॅन लावला आणि खाली-वर जुनी वर्तमानपत्रे ठेवली. मी दहावीत होते. शाळा आबांच्या मोबाईलवर भरत असे. एक तास संपला की ओले कागद काढायचे, कोरडे घालायचे आणि पुढच्या तासाला बसायचे. इतिहासाच्या आणि भूमितीच्या मध्ये मी किती कागद बदलले असतील, देव जाणे. कुबट वासावर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी झटकायचा. तिसऱ्या खेपेला वास गेला.

नव्या नमद्याला पैसे नव्हते. टाळेबंदीपासून शाळेचे भाडे बंद होते. आजीने घरातून आपले घोंगडे आणून आबांच्या पुढ्यात टाकले. ‘हे घाला खाली. लोकरीला पाण्याचं भ्या न्हाई.’ आबांनी ते कात्रीने कापले तेव्हा आजी आत निघून गेली. त्या घोंगड्यावर गालिचा अंथरून आमची गाडी आणखी तीन वर्षे चालली.

२०२४ च्या जूनमध्ये ती विकायची ठरली. मी बारावी पास झाले होते. गाडी बरीच जुनी झाली होती आणि आबांना जरा नवी जुनी गाडी घ्यायची होती. एक एजंट आला. त्याने हिशेब सांगितला. ‘अण्णा, खालचं समदं काढून नवा नमदा, नवी मॅटिंग टाका. वासाची डबी ठेवा. पूर हा शबूद काढू नका. वीस हजार जास्ती येत्यात बघा.’

जाणकार माणूस जुनी गाडी घेताना आधी कार्पेटचा कोपरा उचलतो, सीटखालचे नटबोल्ट गंजलेत का पाहतो, सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ दिसते का बघतो. पण सगळेच जाणकार नसतात, आणि एजंटचा धंदा त्यावरच चालतो. वीस हजार! माझ्या तीन वर्षांच्या फीचा, पुस्तकांचा, बसभाड्याचा मोठा भाग त्यात निघाला असता. महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानात मला नोकरीला लावावे, अशी बोलणी घरात चालली होती. आई काही बोलली नाही. चुलते म्हणाले, ‘दादा, सगळेच करत्यात.’

आबांनी एजंटला चहा दिला आणि म्हणाले, ‘पाव्हणं, उद्या कुणीतरी ह्यात पोरंबाळं घालून जोतिबाला जाणार. पत्रा कुठं खाल्लाय ते मला ठावं हाय. त्येला नगो व्हय ठावं?’

गिऱ्हाईक गडहिंग्लजकडचे होते, भाजीचा व्यापार करणारे. आबांनी स्वतः वाकून गालिच्याचा कोपरा उचलला आणि गंजाच्या दोन्ही जागा दाखवल्या. ते गृहस्थ काळ्या लोकरीकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘घोंगडं कशाला घातलंय?’ आबांनी पूर सांगितला. गाडी वीस हजार कमीनेच गेली. ते वीस हजार पुढे कुठूनही परत आले नाहीत. चांगल्या वागण्याचे व्याज मिळते असे गोष्टीत असते. आमच्या घरी हप्ता वाढला.

त्या रात्री मी म्हटले की फीचे माझे मी बघते. कोल्हापूरच्या मुलीच्या तोंडची भाषा बाहेरच्यांना पुरुषी वाटते, तसेच मी म्हणाले, ‘मी गालिचे धुतो की!’ आबा हसले आणि म्हणाले, ‘आधी कॉलेजचा फारम भर.’

तेव्हापासून रविवारी मी गल्लीतल्या गाड्यांचे गालिचे धुते. गाडीमागे चारशे रुपये. उन्हाळ्यात दोन गाड्या होतात, पावसाळ्यात एकसुद्धा अवघड. लोकांच्या गालिच्यात काय काय सापडते! गणपतीपुळ्याची वाळू, मंगळसूत्राचा सुटा मणी, लहान मुलाचा दुधाचा दात. सापडलेले सगळे वाटीत ठेवून परत देते. एका बाईंनी विचारले, ‘कॉलेजात जातेस आणि असली कामं करतेस?’ मी म्हटले, ‘करते म्हणून जाते.’ त्यांनी पुन्हा विचारले नाही.

यंदा अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी जॉर्ज अकर्लोफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या एका निबंधाविषयी सांगितले. विषय जुन्या मोटारींचा बाजार. अमेरिकेत फसव्या, खराब गाडीला लिंबू म्हणतात. (आपण चांगल्या गाडीलाही लिंबू बांधतो, ही गोष्ट वेगळी.) गाडीतले वैगुण्य विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला भीत भीत मधलीच किंमत देतो. ती चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि शेवटी लिंबेच उरतात. या विचारासाठी अकर्लोफ यांना २००१ साली आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. वर्गातल्या बऱ्याच जणांना हे अवघड वाटले. मला वाटले नाही, कारण मी तो कोपरा उचललेला पाहिला होता. सर फळ्यावर आकृती काढत होते आणि मी मनात एकच हिशेब करत होते: असा बाजार ज्यांच्यामुळे अजून अगदी बंद पडत नाही, त्या माणसांना त्याची किती किंमत पडते? आमच्या घराचा आकडा मला माहीत आहे. वीस हजार आणि एक घोंगडे.

आता आमच्याकडे दुसरी गाडी आहे. तीही जुनीच. घेताना आबा आत वाकले, गालिचा उचलला, पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला. विकणाऱ्याने त्यांचा हात धरला नाही. तेवढ्यावरच अर्धा सौदा झाला. मुले पुन्हा शाळेला जातात, जत्रा पुन्हा भरतात, आणि गुलाल पुन्हा खाली येतो. येत्या रविवारी दोन गाड्या यायच्या आहेत. ऊन असले तर संध्याकाळपर्यंत दोन्ही होतील.